योरुबातला शब्द कुणाचा कोण लागतो हे कसं शोधायचं

आधीच सांगतो, मी भाषेचा प्राध्यापक वगैरे कोणी नाही. मंगळदास मार्केटच्या बाजूला एका कापडाच्या होलसेल दुकानात हिशेब बघतो, डोंबिवलीहून रोजची ये-जा, आणि आमच्याकडून लेसचं कापड नायजेरियाला जातं म्हणून तिकडचे कस्टमर दुकानात येऊन बसतात, चहा पितात, फोनवर बोलतात आणि माझे कान तिकडे लागतात, एवढाच काय तो माझा अधिकार. पण तीन-चार वर्षं हा नाद लागलाय आणि सुरुवातीला जी माती खाल्ली ती तुम्ही खाऊ नये म्हणून हे लिहितोय.

माती अशी खाल्ली. लागोसचा एक गिऱ्हाईक फोनवर कुणाला तरी "वाकाती मेजी, वाकाती मेजी" करत होता, मी विचारलं हे काय, तर म्हणाला दोन तास. वाकाती म्हणजे तास. माझ्या डोक्यात लगेच पेटलं, अरे हा तर आपला वखत! आजी म्हणायची ना, "वखत आली की कळेल". मग अजून खोदलं तर प्रार्थनेला आदुरा (आपली दुवा), धीर धरायला सूरू (आपली सबुरी), आणि मी त्याच रात्री घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून मोकळा झालो की मराठी आणि योरुबा या बहिणी आहेत. आत्याने अंगठा दाखवला, मामेभावाने फक्त विचारलं, "हे तिन्ही शब्द मुळात मराठी तरी आहेत का रे?" नव्हतेच. तिन्ही अरबी. वक़्त, दुआ, सब्र. आपल्याकडे फारशी-दखनीतून आले, त्यांच्याकडे सहारा ओलांडून व्यापारी आणि मौलवींबरोबर गेले, बरेचसे हौसा भाषेच्या मार्फत. म्हणजे आमच्या दोघांच्या घरात एकाच दुकानाची भांडी निघाली म्हणून आम्ही भाऊ झालो नाही.

तर पहिलं काम शब्दाला हात लावायच्या आधीच करायचं, कागदावर नातेवाईक कोण आणि शेजारी कोण हे लिहून काढायचं. योरुबा नैऋत्य नायजेरियात, शिवाय बेनिन आणि टोगोमध्ये बोलतात. तिच्या अगदी सख्ख्या म्हणजे इत्सेकिरी (वारीच्या बाजूला, नायजर नदीच्या मुखाकडे) आणि इगाला (नायजर आणि बेन्वे नद्या मिळतात तिथली), हे मराठी-कोकणीसारखं समजा. मग जरा लांबच्या पण त्याच घराण्यातल्या इग्बो, बेनिन सिटीची (हे शहर नायजेरियातलं, बेनिन देशातलं नव्हे) एडो, नुपे, पश्चिमेकडच्या फॉन आणि एवे, म्हणजे मराठी-बंगालीसारखं. त्याहून लांब घानातली त्वी, आणि पार टोकाला स्वाहिली-झुलू वगैरे बांटू भाषा, हा सगळा गोतावळा नायजर-काँगो नावाखाली येतो आणि त्याची ही मांडणी जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये पक्की केली. आणि हौसा? हौसा शेजारीण आहे, घरची नाही. ती अरबी-हिब्रूच्या लांबच्या गोतातली. जशी आपल्याला कन्नड. अण्णा आणि अक्का तिकडून आले म्हणून आपण द्राविडी होत नाही, तसंच हौसातून शेकडो शब्द आले म्हणून योरुबा हौसाची कुणी लागत नाही.

आता शब्द नीट लिहायचा. इथे बहुतेक जण घाई करतात आणि मग सगळंच चुकतं. योरुबात सात स्वर आहेत, त्यात ए वेगळा आणि ऍ वेगळा, ओ वेगळा आणि ऑ वेगळा. रोमन लिपीत अक्षराखाली टिंब देऊन हा फरक दाखवतात पण नेटवर टाइप करताना लोक टिंब गाळतात आणि मग दोन वेगळे शब्द एक दिसायला लागतात. आपल्याला इथे फुकटचा फायदा आहे, बॅट आणि ऑफिस लिहिता येतं ना, मग ऍता आणि ऑमॉ पण लिहिता येतं, उच्चार अगदी तंतोतंत नाही पण हिंदीवाल्यांपेक्षा आपलं बरं. ग्ब हा आवाज ग आणि ब एका झटक्यात, ओठ आणि जिभेचा मागचा भाग एकदम सोडायचे. आणि योरुबात जिथे नुसता प लिहिलेला दिसतो तो खरं म्हणजे क्प असतो, हे इग्बोशी ताडून बघताना लक्षात ठेवा कारण इग्बोवाले क्प सरळ क्प असाच लिहितात.

त्याच्याहून महत्त्वाचं सूर. योरुबात तीन सूर, खालचा, मधला, वरचा, आणि तिकडच्या शाळेत ते दो-रे-मी म्हणून शिकवतात, मी सा-रे-ग लिहितो. ऑकॉ घ्या. रे-रे म्हटलं तर नवरा. रे-सा म्हटलं तर होडी, हल्ली गाडीलाही तेच म्हणतात. रे-ग म्हटलं तर कुदळ. सा-सा म्हटलं तर भाला. मी एकदा मोठ्या ऐटीत दुकानातल्या एका बाईंना विचारायला गेलो की तुमची गाडी आली का आणि सूर चुकला, त्या हसत हसत म्हणाल्या नवरा लागोसलाच आहे. त्या दिवसापासून माझ्या शीटमध्ये प्रत्येक शब्दापुढे सुराचा वेगळा कॉलम आहे आणि तो रिकामा असेल तर तो शब्द तुलनेला घ्यायचा नाही, कितीही मोह झाला तरी.

सूर लिहूनही फसायला होतं हेही सांगून ठेवतो. कू (वरचा सूर) म्हणजे मरणे, हे मला कळलं त्याच आठवड्यात एक गिऱ्हाईक दुकानात शिरता शिरता माझ्याकडे बघून म्हणाला "ऍ कू इशॅ". मी पांढराफटक. नंतर कळलं, काम करत असलेल्या माणसाला असंच अभिवादन करतात, त्यातल्या कू चा मरणाशी संबंध नाही. आवाज तोच, सूर तोच, शब्द दोन. (त्यातला ऍ हा आदरार्थी, आपल्या तुम्हीसारखा, लहान मुलाला असं म्हणत नाहीत.)

शब्द कोणते निवडायचे? घरातले. कान, तोंड, मांस, मरणे, खाणे, एक ते पाच. जे उधार आणायची सहसा वेळ येत नाही ते. मॉरिस स्वाडेश म्हणून एक भाषाशास्त्रज्ञ होता त्याने अशी शंभर शब्दांची यादी केलीय, तीच सगळे वापरतात, तुम्हीही वापरा. राजा, प्रार्थना, बाजार, कांदा हे बाजूला ठेवा. योरुबातही राजा ऑबा आणि एडोतही ऑबा, पण पदव्या सत्तेबरोबर फिरतात, त्यावरून रक्ताचं नातं लावू नका. आणि बाबा-आईछाप शब्द तर पहिले काढून टाका. योरुबात वडिलांना बाबाच म्हणतात, सूर सा-ग, आणि हे ऐकून प्रत्येक मराठी माणूस उडतो, पण जगभरची बाळं प आणि ब नेच बोलायला सुरुवात करतात, त्यात कुणाचंच कर्तृत्व नाही. तसंच "मी". योरुबात मला-माझं ला मी म्हणतात. योगायोग. सोडून द्या.

मग शब्द सोलायचा. वांगं चिरण्याआधी देठ काढतो ना, तसं. योरुबात नुसतं तीन म्हणजे ऍता, पण तीन वस्तू म्हणताना पुढे म लागून मॅता होतं, मेजी मॅता मॅरीं (दोन, तीन, चार) सगळीकडे तो म आहे, म्हणजे तो देठ, काढा. मग ऍता मधला सुरुवातीचा ऍ सुद्धा एका जुन्या उपसर्गाचा उरलेला तुकडा आहे, गर म्हणजे नुसता ता. असं सोललं की आमच्या दुकानातली गंमत दिसते. एक योरुबा आणि एक इग्बो असे दोघे भागीदार यायचे, एक गठ्ठे मोजायचा "मॅता, मॅरीं" आणि दुसरा त्याच गठ्ठ्यांवर हात ठेवून "आतॉ, आनॉ". मला वर्षभर ते दोन वेगळे प्रकार वाटत होते. सोलून बघा, ता आणि तॉ. आणि मग एवेत एतॉं, फॉनमध्ये आतॉं, स्वाहिलीत तातू, झुलूत थाथू. एडोत मात्र एहा, तिथे त चा ह झालेला दिसतोय, असा वेगळा दिसणारा शब्द टाकून द्यायचा नाही उलट लाल रंगात ठेवायचा, त्याच्याकडे परत यायचंय.

मोठे आकडे पण सोला, त्यात फार मजा आहे. योरुबा वीस-वीसने मोजते, आपल्या जुन्या विसांसारखं, तीन विसा म्हणजे साठ. वीस ओगुं, साठ ऑगॉता म्हणजे वीस गुणिले ऍता, ऐंशी ऑगॉरीं म्हणजे वीस गुणिले ऍरीं, मोठ्या आकड्यात छोटा लपलेला. आणि वजाबाकी! आपण एकोणीस म्हणतो, एकाने ऊन वीस, पण वीस गाठायला आपण एकच पायरी मागे जातो, योरुबा पंधरापासूनच वजा करायला लागते, सोळा म्हणजे वीसला चार कमी, पन्नास म्हणजे साठला दहा कमी. मी हिशेबाचा माणूस, मला हे कळल्यावर दोन स्टेशनं पुढे गेलो होतो.

अजून एक देठ, ओनी. म्हणजे वाला, मालक, धारक. इले म्हणजे घर, ओनीले म्हणजे घरवाला. पण पुढे इ सोडून दुसरा स्वर आला की ओनी चा न बदलून ल होतो आणि स्वरही पुढच्यासारखा होतो. ऍजा म्हणजे मासा, मासेवाली ऍलॅजा. अशॉ म्हणजे कापड, कापडवाला अलाशॉ, आमच्या शेठना सगळे हेच म्हणतात आणि शेठना वाटतं अल्लाचं काहीतरी चांगलं म्हणतायत.

आता मुख्य काम, आणि इथे पेशन्स लागतो. आधी घरच्या मालावर सराव करा. वीस-बीस, वाघ-बाघ, विंचू-बिच्छू, वीज-बिजली. मराठी व, हिंदी ब. काळा-काला, फळ-फल, केळं-केला, मराठी ळ, हिंदी ल. बघा, शब्द सारखे आहेत याला किंमत नाही, फरक दर वेळी तोच पडतोय याला किंमत आहे. एकदा पडला तर योगायोग, दहा वेळा तस्साच पडला तर एकच घर. विल्यम जोन्स या इंग्रज न्यायाधीशाने १७८६ मध्ये कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एका मुळातून आल्या असाव्यात असं सांगितलं आणि पुढच्यांनी हेच फरक एकेक करून जुळवत नेले.

शीटमध्ये प्रत्येक भाषेला एक कॉलम, प्रत्येक अर्थाला एक ओळ. चार: योरुबा ऍरीं, इग्बो आनॉ, एडो एने, एवे एने, फॉन ऍनॅ, त्वी अनान, स्वाहिली न्ने. सगळीकडे न आणि योरुबात मात्र र. तुम्ही म्हणाल योरुबाचा शब्दच वेगळा असेल. थांबा. मांस: योरुबा ऍरां, इग्बो आनू, स्वाहिली न्यामा. परत तेच, तिकडे न इकडे र. पाच: योरुबा आरूं, त्वी अनुम. परत. आणि नीट ऐका, योरुबात हा र जिथे जिथे आलाय तिथे पुढचा स्वर नाकातला आहे, रीं, रां, रूं. म्हणजे नाकातला आवाज गेला नाही, व्यंजनातून उठून स्वरात जाऊन बसला. आपल्या दन्त चं हिंदीत दाँत झालं तेव्हा असंच काहीसं झालं, आणि मराठीने तर तोही टाकून दात केला. मग सख्ख्या बहिणीकडे, इगालाकडे जा, तिथे चार ऍलॅ आणि पाच ऍलू. र च्या जागी ल. हा धागा मला उभ्याउभ्या लोकलमध्ये सापडला आणि शेजारच्या माणसाला सांगावंसं वाटत होतं पण त्याचा चेहरा बघून गप्प बसलो.

इगालाकडून अजून एक घ्या. दहा: योरुबा ऍवा, इगाला ऍग्वा. मरण: योरुबा इकू, इगाला उक्वू. योरुबात जिथे नुसता क किंवा व, तिथे इगालात ओठांचा गोल जास्तीचा. दोनच उदाहरणं आहेत म्हणून मी हे अजून पिवळ्यात ठेवलंय, हिरवं नाही केलं. माझा नियम पाच ओळींचा आहे, पाच ठिकाणी फरक तोच दिसला तर हिरवा. आकडा माझ्या मनाचा, तुम्ही सात ठेवा, पण काहीतरी ठेवा, नाहीतर सगळंच हिरवं होतं.

तोंडाची ओळ सोपी आहे, नवख्याने तिथून सुरू करावं: योरुबा ऍनू, इग्बो ऑनू, एडो उनू, एवे नू, त्वी आनो. कान पण बरी, एती आणि इग्बोत न्ती. आणि दर ओळीत हौसाचा कॉलम ठेवा, मुद्दाम, तो आपला वजनकाटा. तीन उकू, तोंड बाकी, कान कुन्ने. काहीच जुळत नाही. अरबी उसने शब्द शेकड्याने जुळतात आणि कान-तोंड एकही नाही, शेजारणीची खूण हीच. हौसात मरणे म्हणजे मुतू, आणि आता कोणीतरी मृत्यू म्हणेलच म्हणून सांगतो, मुतू ची नाती अरबी माता कडे (मेला या अर्थी), मृत्यू ची लॅटिन मॉर्स कडे, दोघांची गाठ कुठेही पडत नाही.

उसना शब्द ओळखायच्या खुणा. योरुबातली नामं बहुतेक स्वराने सुरू होतात, इले, ऑमॉ, अशॉ, इगी. नाम व्यंजनाने सुरू झालं की मी भुवई उंचावतो: वाकाती, सूरू, बुरॅदी (ब्रेड), तिसा (टीचर). शंभर टक्के चालत नाही पण गाळणी म्हणून झकास. दुसरं, योरुबाला जोडाक्षर आणि शब्दाच्या शेवटी व्यंजन चालत नाही, म्हणून वक्त चं वाकाती झालं, ब्रेड चं बुरॅदी, जसं आपल्याकडे गावाला स्टेशनचं टेसन आणि स्कूलचं इस्कूल. मध्येच जास्तीचा स्वर घुसलेला वाटला की पाहुणा समजा. तिसरं, सुरुवातीला अल असेल तर अरबी असण्याचा वास घ्या, कांदा आलुबॉसा हा अरबी अल-बसल, शांती-खुशाली आलाफिया हा अल-आफिया. पण मघाचा अलाशॉ आठवा! तोही अल ने सुरू होतो आणि पक्का घरचा आहे. सूर ऐका, अलाशॉ रे-ग करत वर चढतो, आलाफिया आणि आलुबॉसा खाली सा वर सुरू होतात. मी म्हटलं ना तो कॉलम रिकामा ठेवू नका.

काही वेळा शब्द उसना नसतो, कल्पना नवी असते. अननस आपण पोर्तुगीजांकडून नावासकट घेतला, योरुबाने नाव घेतलंच नाही, ऑक्पॅ ओयिंबो म्हणतात, गोऱ्यांचा ताड. असे शब्द तुलनेला बाद पण वाचायला छान.

आणि बाता. योरुबात बाता (सा-सा) म्हणजे बूट. हो, बूट. आपल्या दुकानावरचं बाटा हे चेक आडनाव, १८९४ मध्ये झ्लिन गावात त्या कुटुंबाने कंपनी काढली. योरुबा शब्द त्यावरून आला असं सांगायचा मोह प्रत्येकाला होतो, मलाही झाला, पण ऐकायला गोड आहे यापलीकडे हातात पुरावा काय? सूर सा-ग केला की तोच बाता ढोल होतो, मग ढोल पण कंपनीचा का? गोष्ट जितकी गोड तितका संशय जास्त घ्यायचा. लागोसचं खरं नाव एको, ते एडोतल्या युद्धछावणीच्या शब्दावरून आलं असं बरेच जण सांगतात, शेत या अर्थाच्या योरुबा ओको वरून असंही सांगतात. गावांच्या नावाच्या गोष्टी अशाच, आपल्याकडे प्रत्येक गावाला पांडव येऊन गेलेत.

जुना पुरावा हवा असेल तर दोन माणसं. सॅम्युअल अजायी क्राउथर, स्वतः योरुबा, १८२१ मध्ये पोरवयात पकडून गुलाम म्हणून विकला गेला, पुढच्या वर्षी इंग्रजांच्या आरमाराने जहाज अडवून त्याला सिएरा लिओनमधल्या फ्रीटाऊनला उतरवलं, आणि १८४३ मध्ये त्याने योरुबाचा शब्दसंग्रह छापला. म्हणजे आपल्या मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशानंतर बाराच वर्षांनी, फक्त तिकडे शब्द गोळा करणारा स्वतः त्या भाषेचा लेक होता, हा फरक मला फार मोठा वाटतो. पुढे १८६४ मध्ये तो बिशप झाला. दुसरा कोएले, जर्मन पाद्री, फ्रीटाऊनमध्येच सुटका झालेल्या गुलामांना गाठून दीडशेहून जास्त भाषांमध्ये तेच ते शब्द विचारत सुटला आणि १८५४ मध्ये सगळं शेजारी-शेजारी छापलं. माझं शीट म्हणजे त्याचीच गरीब नक्कल. दोन्हींचे स्कॅन नेटवर फुकट मिळतात, स्पेलिंग जुनं आहे, सवय होते.

जुन्या शब्दाचा पत्ता कधी कधी समुद्रापलीकडेही लागतो. चवळी भिजवून सालं काढून वाटून तळलेल्या भज्यांना योरुबात आकारा म्हणतात, आणि ब्राझीलच्या बाहियात त्याच भज्यांना आकाराजे, शेवटचा जे म्हणजे जॅ, खाणे. गुलाम म्हणून नेलेल्यांनी भजी पण नेली आणि हाकही नेली. तशाच तिकडे ओरिशा नावाने योरुबा देवता आहेत. हे नात्याचे शब्द नव्हेत, एकाच घरातून गेलेले आहेत, म्हणून माझ्या शीटमध्ये त्यांना वेगळा टॅब आहे. आमच्या गिऱ्हाइकाला मी कोपऱ्यावरची मूगभजी खायला घातली तेव्हा तो आनंदाने ओरडला "आकारा!" आणि भजीवाला खरंच अकरा प्लेट बांधायला लागला.

शेवटचं एक, पुस्तकातला शब्द माणसाकडून तपासून घ्या, पण "तुमच्यात याला काय म्हणतात" एवढंच विचारा, "हा शब्द कुठून आला" असं विचारू नका, लगेच गोष्ट सुरू होते. वस्तू दाखवा, तीनदा म्हणून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा आणि घरी जाऊन सूर लावा. माझी सध्या कुत्र्याची ओळ अडलीय. इग्बो न्कीता, एडो एकिता, दोघे मस्त जुळतात, आणि योरुबा मात्र आजा म्हणून एकटाच बसलाय. पुढच्या आठवड्यात लेसचा माल घ्यायला एक इत्सेकिरी गिऱ्हाईक येणार आहे असं शेठ म्हणाले, मी गल्लीतल्या काळ्या कुत्र्याचा फोटो आत्ताच काढून ठेवलाय.